प्रत्येकीस सूप

उज्जैन हे काळाचं गाव. पृथ्वीची मध्यरेषा इथूनच जाते असं आपल्या ज्योतिष्यांनी फार पूर्वी ठरवून टाकलं, आणि मग अवघ्या देशाचे पळ, घटिका आणि मुहूर्त इथल्या सूर्योदयावरून मोजले जाऊ लागले. काळाचा देवही वस्तीला इथेच. अशा गावात वेळेचं भान माणसाच्या रक्तातच असायला हवं. फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, जयू पोतनीसच्या घरी ते होतंसुद्धा. फक्त तिथे वेळ शिट्ट्यांत मोजली जायची.

डाळीला तीन, बटाट्याला दोन, राजम्याला सात. पहिली शिट्टी झाली की भिंतीपलीकडचे भय्यासाहेब दाढीचं पाणी मागवत. हे सरदार घराण्यातले होते, त्यामुळे स्वतःचा कुकर असूनही दुसऱ्याच्या शिट्टीवर चालत. तिसऱ्या शिट्टीला जयूचे सासरे, तात्या, जेवणाआधीची गोळी घेत. आणि जयूचा नवरा अरविंद, जो कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि ज्याच्या मनगटावर चांगलं चालणारं घड्याळ होतं, तो चौथ्या शिट्टीला स्कूटर बाहेर काढायचा. पूर्वी पोतनीस घराणं शिंद्यांचा खजिना सांभाळायचं. आता सांभाळण्यासारखं एवढंच उरलं होतं.

सत्त्याण्णव सालच्या संक्रांतीच्या आधी या व्यवस्थेत सिंगापूर शिरलं.

जयूचा धाकटा भाऊ हर्षल कंपनीच्या कामाने तिकडे जाऊन आला होता. इतर बहिणींचे भाऊ परफ्यूम आणि चॉकलेटं आणतात. हर्षलने विजेवर चालणारा प्रेशर कुकर आणला. पांढरा, गोल, पोटावर सहा बटणं, प्रत्येक बटणावर चिनी अक्षरं आणि खाली एक चित्र. एकावर मासा, एकावर कोंबडी, एकावर भात, आणि एकावर वाडगा, वाडग्यातून तीन वाफा निघालेल्या.

"ताई, हे सूपचं बटन," हर्षल म्हणाला. "सामान घाल, झाकण फिरव, बटन दाब. वीस मिनिटांत सूप. बघावं पण लागत नाही."

"शिट्ट्या किती?"

"शिट्टी नाहीये त्याला."

जयूने भावाकडे पाहिलं. लहानपणी तो पडला होता एकदा जिन्यावरून, त्याची तिला आठवण झाली.

"शिट्टी नाही, तर कळणार कसं झालं म्हणून?"

"लाल दिवा जातो, हिरवा येतो."

"आणि मी काय दिव्याकडे बघत बसू? मग ती बघावं न लागण्याची काय मजा राहिली?"

हर्षलने माहितीपुस्तक उलगडलं, तेही चिनीतच होतं.

अडचण आणखी एक होती. कुकरचा प्लग चौकोनी दातांचा. अरविंदने तो कापून आपला लावला, पण एवढं ओझं साध्या पॉइंटला झेपणार नाही असा शास्त्रीय निर्वाळा दिला. घरात जाड पॉइंट एकच होता, गिझरचा. गिझर न्हाणीघरात. तेव्हा पोतनीसांकडे पहिलं सूप न्हाणीघरात, उलट्या घंगाळावर कुकर ठेवून शिजलं. टोमॅटो, दोन गाजरं, बीटाची एक फोड रंगासाठी, कांदा, लसूण, चार मिरे, आणि दाटपणाला मूठभर मुगाची डाळ. जयूने वाडग्याचं बटन दाबलं आणि शिट्टीची वाट बघत दाराशी उभी राहिली.

वीस मिनिटांनी शिट्टी झाली नाही. ती होणार नव्हती हे तिला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि कान वेगळे. तिने पुन्हा बटन दाबलं. मग आणखी एकदा. दीड तासाने तात्या गोळी तळहातावर घेऊन न्हाणीघरापाशी आले.

"सूनबाई, आज उपास आहे का?"

पलीकडून भय्यासाहेबांनीही विचारणा केली, "वहिनी, तबियत ठीक आहे ना?" अर्ध्या गालाला साबण होता.

तीनदा शिजलेल्या टोमॅटोत टोमॅटोपण फारसं उरलं नव्हतं, पण रवीने घुसळून, गाळून, वर मिरपूड आणि तळलेले पावाचे तुकडे टाकल्यावर ते खरोखरच सूप झालं. अगदी इंदूरच्या हॉटेलात मिळतं तसं. तात्यांनी दोन वाट्या घेतल्या.

"सार छान झालंय."

"सार नाही तात्या. सूप."

"असेल. जिरं विसरलीस."

पण जयूचं तात्यांकडे लक्षच नव्हतं. वीस मिनिटांत पंचवीस वाट्या, म्हणजे तासाभरात पंचाहत्तर, हा हिशोब तिच्या डोक्यात सुरू झाला होता, आणि त्या हिशोबाच्या टोकाला एक खुर्ची होती.

ती खुर्ची महाराष्ट्र महिला मंडळाची. मंडळाकडे खुर्च्या चाळीस, पण हाताची एकच, आणि तीत अध्यक्ष बसत. गेली अकरा वर्षं तीत उषाताई मुजुमदार बसल्या होत्या. याच अकरा वर्षांत जयूने मंडळाच्या सतरंज्या घातल्या, सतरंज्या काढल्या, समईत तेल घातलं, पाहुण्यांचे हार ओले राहतील असं बघितलं, आणि दर कार्यक्रमात, अगदी मधोमध, सगळ्यांच्या देखत, उषाताईंचं एक वाक्य ऐकलं: "अगं जयू, जरा पाणी." त्यात अपमान काही नव्हता. उषाताईंना तहान लागायची, एवढंच. पण छत्तीसाव्या वर्षापासून सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत एका बाईची तहान भागवल्यावर जयूला एकदा, फक्त एकदा, त्या हाताच्या खुर्चीत बसून कोणाला तरी पाणी आणायला सांगायचं होतं. कोणालाही. उषाताईंनाच असं काही नाही. पण त्या असत्या तर हरकत नव्हती.

निवडणूक रथसप्तमीला. जयूने तेरा जानेवारीला अर्ज भरून बंद पाकिटात निवडणूक अधिकारी अण्णा गर्दे यांच्याकडे दिला. उषाताई पुन्हा उभ्या राहणार हे ठरलेलंच होतं. जी बाई अकरा वर्षं बसून आहे, ती उभी नाही राहणार तर काय करणार? आणि मंडळात मतं कशी पडतात तेही सगळ्यांना ठाऊक होतं. भाषणावर कोणी जात नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू कोणाकडे भरलं आणि वाण काय मिळालं, यावर बाया वर्षभर बोलतात. उषाताई दरवर्षी स्टीलची वाटी द्यायच्या. उज्जैनच्या अर्ध्या मराठी घरांत त्यांच्या अकरा-अकरा वाट्या होत्या, आणि त्यांतली कुठलीही उचलली की तळाशी मुजुमदार कोरलेलं दिसायचं.

"त्या वाट्यांतूनच माझं सूप पाजणार मी," जयू म्हणाली.

अरविंद पेपर तपासत होता. "आमंत्रण काय लिहू?"

"लिहा, जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारी चारपासून. आणि लिहा, यंदा तिळगुळाबरोबर विजेच्या कुकरमधलं गरमागरम टोमॅटो सूप."

अरविंद फिजिक्सचा असला तरी मराठीचा त्याला अभिमान होता. उज्जैनमध्ये राहून मराठी शुद्ध ठेवायची तर सतत खुडावं लागतं, असं त्याचं मत. त्याने खुडलं. गरमागरम हा शब्द हॉटेलच्या पाटीवरचा, गेला. विजेचा कुकर म्हणजे आपणच आपली जाहिरात, गेला. टोमॅटो हा तपशील, आणि आमंत्रणात तपशील नसतो. मंडळाच्या फळ्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या वळणदार अक्षरात लागलं:

सौ. जयू पोतनीस यांजकडे जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी चारपासून हळदीकुंकू. यंदा तिळगुळासमवेत प्रत्येकीस सूप.

आता सूप दोन. एक प्यायचं, ते नवीन. दुसरं बांबूचं, पाखडायचं, ते जुनं, आणि इथल्या हिंदीतही त्याला सूपच म्हणतात, म्हणजे दुसऱ्या भाषेतून सुटकेचीही सोय नाही. त्यातून सुपाचं वाण ही काही साधी गोष्ट नव्हे. सुपात हळद, कुंकू, खण, बांगड्या, फणी, धान्य घालायचं, वर दुसरं सूप झाकायचं आणि सवाष्णीला द्यायचं, याला आपल्याकडे मोठं पुण्य मानलंय. एका सवाष्णीला दिलं तरी बाई वर्षभर सांगते. इथे प्रत्येकीस.

त्याच संध्याकाळी फोन वाजला.

"काकू, मी मानसी, नानाखेड्याहून. खरंच सूप देऊन राहिल्या तुम्ही?"

"हो ना. लिहिलंय नं तसं."

"सगळ्यांना? एकेक?"

"एकेक. आणि कोणाला आवडलं तर आणखी एक."

 "साधं का रंगवलेलं?"

"लाल आहे. पण वरून रंग नाही हं मी लावत. आपोआप येतो."

"आणि झाकून देणार?"

"झाकूनच द्यावं लागेल. थंडीचे दिवस."

"माझ्या सासूबाई म्हणून राहिल्या की त्यांचं लग्न होऊन त्या उज्जैनला आल्या, तेव्हापासून असं कोणी केलं नाही इथे."

"अगं, तेव्हा वेळ लागायचा. आता वीस मिनिटांत होतं. सिंगापूरचं आहे."

"सिंगापूरचं?"

"हर्षलने आणलं. तू ये तर. सासूबाईंनाही आण."

"आणि जाऊबाईंना?"

"सगळ्यांना आण गं. पुरून उरेल."

तासाभरात नानाखेड्यात ही बातमी पोचली, की पोतनीसांच्या जयूने सिंगापूरहून लाल सुपं मागवली आहेत. इतकी एकदम विमानातून आली म्हणजे घडीची असावीत. देवास गेटला पोचेपर्यंत त्यांना कडाही आल्या होत्या. मंडळाच्या बाया जयूशी आता वेगळ्या आवाजात बोलू लागल्या. भाजीवाल्यापाशी एकीने तिला आधी तोलून घ्यायला दिलं. एक म्हणाली, "मन मोठं लागतं हो याला." जयूला वाटलं, टोमॅटो महाग झालेत त्याबद्दल बोलतेय.

शेवटचा प्रश्न शिट्टीचा होता. त्या दिवशी जयू पुढच्या खोलीत हळदीकुंकू लावणार, अत्तर लावणार, गुलाबपाणी उडवणार. कुकर मागे न्हाणीघरात. दिवा हिरवा झाला हे तिला कळणार कसं?

"मी हाक मारीन," अरविंद म्हणाला.

"हळदीकुंकवाला घरात पुरुषाचा आवाज? लोक काय म्हणतील?"

"मग?"

जयूने थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणजे नेमकं ओठांकडे.

"तुम्हाला शिट्टी येते."

"येत होती. कॉलेजात असताना."

"आवाज आला तर म्हणतील घरात पुरुष आहे. शिट्टी आली तर म्हणतील कुकर आहे."

अरविंदने ह्यात खोट शोधली. अठ्ठावीस वर्षं तो विद्यार्थ्यांच्या उत्तरांतल्या खोटी शोधत आला होता. सापडली नाही. तीन दिवस तो न्हाणीघरात सराव करत होता, आणि पहिल्याच दिवशी भय्यासाहेबांनी पलीकडे दाढीचं पाणी मागवलं, त्यावरून शिट्टी बरी जमल्याचं सिद्ध झालं.

शुक्रवारी तात्यांची रवानगी भय्यासाहेबांकडे झाली. अरविंद साडेतीनला बारा किलो चिरलेले टोमॅटो, मनगटावरचं घड्याळ आणि एक उलटी बादली घेऊन न्हाणीघरात गेला आणि जयूने दार लोटून घेतलं.

साठ बाया येतील असा अंदाज होता. साडेचारला साठ झाल्या. पाचला नव्वद. बाहेर चपलांची रांग भय्यासाहेबांच्या फाटकापर्यंत गेली. नानाखेड्याच्या बाया एकच टेम्पो करून आल्या. जिच्याशी जयूचं आठ वर्षं बोलणं नव्हतं ती आली. विशेष म्हणजे प्रत्येकीच्या हातात पिशवी होती, मोठी, कापडी, रिकामी. आजकाल पर्स सोडून पिशव्यांची फॅशन आली असावी, असं जयूने मनाशी म्हटलं. एकीने तर गादीची खोळ आणली होती.

आतून शिट्टी झाली. जयू लगबगीने मागे गेली, भांडं उचललं, स्वैपाकघरात घुसळलं, गाळलं, आणि वाट्या भरभरून फिरवल्या. बायांनी सूप घेतलं, फुंकर घातली, प्यायलं.

"छान आहे हो. कशाचं?"

"टोमॅटोचं. दाटपणाला मुगाची डाळ."

"बढिया." आणि वाटी खाली ठेवून तिने पिशवी मांडीवर नीट केली.

दुसरी शिट्टी, तिसरी, चौथी. एक गोष्ट जयूच्या लक्षात आली आणि तिचं काळीज सुपाएवढं झालं: कोणी उठतच नव्हतं. हळदीकुंकवाला बाई कशी येते? टेकते, कुंकू लावून घेते, वाण घेते, आणि पुढच्या घरी पळते. इथे सतरंजीवर मांडीला मांडी लावून एकशे छत्तीस बाया बसल्या होत्या. तिळगूळ मिळाला, सूप मिळालं, तरी हलत नव्हत्या. उषाताईंच्या स्टीलच्या वाट्यांसाठी कोणी कधी अशी दोन तास बसली नव्हती.

सहाला उषाताई स्वतः आल्या. त्यांच्याही हातात पिशवी होती, चौघडी करून पर्सखाली धरलेली. सगळीकडे नजर फिरवून म्हणाल्या, "जयू, मंडळाच्या सभेला इतक्या आल्या असत्या तर."

"येतील, उषाताई," जयू म्हणाली. "रथसप्तमीला येतील."

हे वाक्य तिने मनात इतके दिवस घोळवलं होतं की बाहेर पडताना ते जरा मोठ्याने पडलं.

इकडे अरविंदची परिस्थिती कठीण होत चालली होती. वाफेने चष्मा जात होता, ओठ कोरडे पडले होते, आणि सहाव्या शिट्टीत हवाच जास्त होती. अशा वेळी सुलभाकाकू उठल्या. सुलभाकाकू बहात्तर वर्षांच्या, देवास गेटहून आलेल्या, दोन वाट्या सूप पोटात. त्या न्हाणीघरापाशी गेल्या आणि दार ठोठावलं.

आत अरविंदने विचार केला. बोलायचं नव्हतं. खाकरलं तर पुरुष आहे हे कळणार. आत कोणी आहे हे सांगणं तर भाग. त्याने शिट्टी वाजवली.

सुलभाकाकूंनी पुन्हा ठोठावलं. पुन्हा शिट्टी झाली. दोन क्षण विचार करून काकूंनी दार ढकललं.

त्या परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. बसल्या, पदर सारखा केला, आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाल्या, "जयू, तुझा अरविंद न्हाणीघरात बसलाय बादलीवर. शिट्ट्या वाजवून राहिला."

 एकशे छत्तीस बायांनी आपापल्या वाटीत पाहिलं. ज्यांच्या वाट्या रिकाम्या होत्या त्यांना जास्त त्रास झाला.

"न्हाणीघरात?" उषाताईंनी विचारलं.

"गिझरचा पॉइंट आहे तिथे," जयू म्हणाली. "स्वच्छ आहे. सकाळी तीनदा धुतलंय."

"असू दे गं," सुलभाकाकू म्हणाल्या. त्यांना या प्रश्नात रस नव्हता. "घरचं माणूस आहे. मला सहाची बस आहे, गेली ती. आता साडेसातची तरी मिळू दे. सूप कधी देतेस?"

"दिलं नं काकू. दोन वाट्या घेतल्या तुम्ही."

"ते टोमॅटोचं पाणी. ते छानच होतं. मी सुपाचं विचारून राहिले." आणि काकूंनी दोन्ही हातांनी हवेत पाखडून दाखवलं.

जयूने त्या हातांकडे पाहिलं. मग मांडीवरच्या पिशव्यांकडे पाहिलं. मग गादीच्या खोळीकडे. मानसीचा फोन तिला शब्दशः आठवला, आणि प्रत्येक शब्द उलटा होऊन पडत गेला: साधं का रंगवलेलं, झाकून, एकेक.

"म्हणजे सूप नाहीच?" मागून कोणीतरी म्हणालं.

"प्यायचं होतं, म्हणे."

"मग सिंगापूरचं काय?"

"आम्ही टेम्पो करून आलो."

उषाताईंनी आपल्या पिशवीची चौघडी पर्सखाली आणखी आत सारली. "चला," त्या शांतपणे म्हणाल्या, "वाजलं म्हणायचं सूप."

सगळं संपलं याला मराठीत हाच शब्दप्रयोग आहे, त्याला उषाताईंचा इलाज नव्हता. पण बाया हसल्या. एकदम, सगळ्या, पोट धरून. जिच्याशी आठ वर्षं बोलणं नव्हतं ती सगळ्यांत जास्त. आणि हसणं जरा ओसरतंय तोच मागून, आपल्यावर काय गुदरलं याची कल्पना नसलेल्या अरविंदने सातव्या खेपेची शिट्टी दिली.

अकरा वर्षांच्या सतरंज्या जयूच्या डोळ्यांपुढून गेल्या. एका क्षणात माणूस दोनच गोष्टी करू शकतो, रडू शकतो किंवा पुढारी होऊ शकतो.

"कोण म्हणतं सूप नाही?" ती म्हणाली. "हे प्यायचं झालं. पाखडायचं रथसप्तमीला. मंडळात. मतं टाकायला याल नं, तेव्हा."

"प्रत्येकीस?" मानसीच्या सासूबाईंनी विचारलं.

"प्रत्येकीस."

"एकशे सदतीस?" हे उषाताई.

"एकशे सदतीस," जयू म्हणाली. "तुम्हालाही, उषाताई."

पिशव्यांच्या घड्या झाल्या. जाताना काहींनी सातव्या खेपेतलं सूपही घेतलं. आता काय, गेलेलंच होतं पोटात.

दुसऱ्या दिवशी अरविंद देवास गेटला गेला. तिथे बस स्टँडच्या मागे बापू बांबूच्या टोपल्या विणायचा. अरविंदला बोलायला त्रास होत होता. ओठ फुटले होते.

"एक सौ सैंतीस?" बापूने सुरी खाली ठेवली. "किसकी शादी है, साब?"

"शादी नहीं. चुनाव है."

"चुनाव में तो कंबल बँटते हैं."

"हमारे यहाँ सूप बँट रहे हैं."

बापूने हे जरा पाखडून पाहिलं. "पर करेंगी क्या उनका? अब तो आटा पैकेट में आ रहा है. मेरी खुद की बहू पैकेट लाती है."

अरविंदच्या घरीही पाच महिन्यांपासून पाकिटातलाच आटा येत होता.

"लाल चाहिए," तो म्हणाला.

बापूने, बापूच्या बायकोने, दोन भावांनी आणि पाकिटातला आटा आणणाऱ्या सुनेने तेरा दिवस दुसरं काम घेतलं नाही. जयू रोज जाऊन मोजून यायची. ओली सुपं घरी आणून गच्चीवर वाळत घातली, रंगवली, पुन्हा वाळवली. तात्या गच्चीवर फिरायचे तेव्हा सुपांमधून वाट काढत फिरायचे. सिंगापूरचा कुकर माळ्यावर गेला. जयूला आता त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता, आणि अरविंदची इच्छा नव्हती. शिट्ट्या पुन्हा गॅसवरून येऊ लागल्या.

प्रचार म्हणून जयूला वेगळं काही करावं लागलं नाही. उषाताई या वेळी दोन-दोन सुपं देणार, अशी एक अफवा मधे उठली. जयू रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी बापूकडे जाऊन चौकशी करून आली. उषाताईंची ऑर्डर नव्हती. इंदूरहून आणणार असतील, असं तिने अरविंदला सांगितलं. त्या काही बोलत नाहीत म्हणजेच काहीतरी शिजतंय, आणि शिट्टीही होत नाहीये.

रथसप्तमीला मंडळाचा हॉल भरला. उभं राहायला जागा नव्हती, कारण एक बाई आणि एक सूप मिळून दोघींची जागा लागते. जयूने स्वतः दाराशी उभं राहून एकशे सदतीस सुपं दिली, खण आणि हळदीकुंकवासकट. सुलभाकाकूंनी आपलं उन्हात धरून विणीतून पाहिलं आणि मान हलवली. उषाताईंनी घेतलं, डोळ्यांना लावलं, आणि पहिल्या रांगेत, साध्या खुर्चीत बसल्या. हाताची खुर्ची मंचावर रिकामी होती. जयू तिच्याकडे बघत नव्हती. ती समईकडे बघत होती, जी खुर्चीच्या अगदी शेजारी होती.

अण्णा गर्दे उठले. अण्णा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. कागद डोळ्यांपुढे दोनदा आणत, एकदा चष्म्याशिवाय आणि एकदा चष्म्यासकट. त्यांनी तारीख वाचली, वार वाचला, मंडळाचं नाव पूर्ण वाचलं. मग घसा साफ केला.

"अध्यक्षपदी सौ. जयू अरविंद पोतनीस यांची निवड झाल्याचे जाहीर करतो."

टाळ्या झाल्या, जेवढ्या सूप मांडीवर असताना होतात तेवढ्या. जयूला काही कळेना.

"अण्णा, मतदान?"

"मतदान कशाला?"

ती पहिल्या रांगेत आली, उषाताईंपाशी. "उषाताई, तुमचा अर्ज?"

"माझा? मी कुठे भरला अर्ज," उषाताई म्हणाल्या. "मार्चमध्ये आम्ही इंदूरला चाललो शैलेंद्रकडे, कायमचे. दिवाळीतच ठरलं."

"मग सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलं?"

जयूने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पुन्हा कागद डोळ्यांपुढे धरला, आधी चष्म्याशिवाय, मग चष्म्यासकट. अर्ज भरण्याची मुदत तेरा जानेवारी, सायंकाळी पाच वाजेपर्यंत होती. अध्यक्षपदासाठी अर्ज एकच आला होता.